उलटी जोडी

कार्ड आलं बसच्या पार्सलने, संभाजीनगरहून,
शेजारी कुणाचं तरी कोथिंबिरीचं गाठोडं असावं,
खोक्याला अजून तोच वास.
आत चंदेरी पिशवी, पिशवीत तळहाताएवढी हिरवी पाटी,
पाठीवर काळी पाती, कडेला सोन्याचे बारीक दात.
सेकंदाला पंचवीस गिगाबिट, असं पावतीवर.
आमच्या गल्लीत नळ अकराव्या दिवशी.
तुलना नाही करत,
दोन्ही आकडे एकाच रात्री डोक्यात होते, एवढंच.

बियाणे कंपनीची सर्व्हर खोली
जालन्याच्या एमआयडीसीत अगदी टोकाला.
भिंतीपलीकडे लोखंडाच्या भट्ट्या.
भट्टीने घोट घेतला की आमचा यूपीएस एकदा उचकी देतो.
सर्व्हरमध्ये तूर आहे.
एका दाण्यात ऐंशी कोटी अक्षरं, मुळाक्षरं मात्र चारच.
लोमटे मॅडम म्हणतात, दोन टेराबाइटची फाइल
वरच्या मजल्यावर पोचायला पावणेपाच तास.
तोवर मला पडलेला प्रश्नच शिळा होतो गं, उज्ज्वला.

मार्चची कोरडी हवा. ओढणी सरकली तरी चटका.
मनगटाला पट्टा बांधला, त्याचं टोक रॅकच्या लोखंडाला,
दावणीला बांधतात तसं मीच मला बांधलं
आणि कार्ड खाचेत दाबलं.
चुकले. ती खाच अरुंद होती,
तिथून निम्माच वेग मिळाला असता.
काढलं, दोन घरं खाली बसवलं,
एक स्क्रू पंख्याखाली पडला, तो नंतर.

मग पिवळा पडदा नसलेली ती खोली,
मी, आणि एक दिवा, जो लागत नव्हता.
ड्रायव्हर बदलला. फर्मवेअर बदललं.
मॉड्यूल काढून फुंकर मारली, जी मारू नये म्हणतात.
तीनदा बंद, तीनदा चालू.
खालचं कार्ड म्हणे मी ठीक.
वरचं कार्ड म्हणे मी ठीक.

दीड वाजता अप्पांचा फोन. "काय करायलीस?"
तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन,
खांबावर चढून चढून गुडघे गेले, मग एक कान गेला.
आमचं बोलणं हे असं :
ते पाण्याचं सांगतात, मी कामाचं,
दोघंही मोठ्याने, दोघंही एकाच वेळी.
आई होती तेव्हा ती मधे बसून
याचं त्याला आणि त्याचं याला करायची.

"आत्ताच नळ आलाय, दोन ड्रम भरले, तिसरा..."
"अप्पा, लिंक येईना हो..."
"...तिसरा गळायलाय..."
फोन स्पीकरवर टाकला, बोलता ठेवला
आणि त्याचाच कॅमेरा धरला केबलच्या तोंडाशी.
हा उजेड डोळ्याला दिसत नाही, डोळा लावूही नये.
कॅमेऱ्याला दिसला :
दोन काचतंतूंपैकी एकाच्या टोकाला
जांभळा ठिपका, मोहरीएवढा,
नको त्या बाजूला.

पाठवणाऱ्यासमोर पाठवणारा.
कानासमोर कान, अंधारात वाट बघत.

"अप्पा! जोडी उलटी होती!"
इतक्या वेळात एवढंच त्यांना ऐकू गेलं.
"हाव," ते म्हणाले, जसं काही मी हवामान सांगितलं.
"दोघंबी बोलायलेत, मंग ऐकावं कुणी?"

नखाने खिटी दाबली, दोन तंतूंची अदलाबदल,
टक्.
हिरवा.
तूर निघाली वरच्या मजल्यावर,
पडद्यावर लिहून आलं : अकरा मिनिटं.

स्क्रू शोधायचा होता. शोधला नाही.
पट्टा अजून मनगटाला, पलीकडे भट्टी धडधडत होती.
म्हटलं, अप्पा, फोन डाव्या कानाला घ्या.
घेतला का?
आता सांगा, तिसरा ड्रम कुठं गळतो.
त्यांनी सांगितलं. बुडाच्या वर चार बोटं,
मागच्या उन्हाळ्यात डांबर लावलं होतं तिथंच,
डांबर कुणाकडून आणलं होतं,
तो माणूस आता कुठे असतो,
सगळं.